भिंतीवरच्या रेघा : पुरंदरमधल्या एका वस्तीचं प्रकरण

घरांच्या आणि घराण्यांच्या आठवणी नोंदवून देण्याचं काम मी पुण्यात काही वर्षं करते आहे. त्यातलं हे एक प्रकरण, कुटुंबाला विचारून लिहिलेलं. नावं, गाव, गट नंबर दिलेले नाहीत. यात मोठं काही घडत नाही. एक बाई एका घरात 62 वर्षं राहिली आणि वारली. पण तिची आठवण ठेवायची म्हणजे नेमकं काय ठेवायचं, हे ठरवताना आम्ही सगळेच, मीसुद्धा, जिथे जिथे अडखळलो त्या जागा सांगण्यासारख्या आहेत.

पार्श्वभूमी

हडपसरवरून दिवे घाट चढून सासवड, तिथून एसटीने अर्धा तास आणि मग पायी. गावापासून सुटी अशी ही वस्ती. दगडी जोतं, मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढे ओसरी, आत माजघर, मागे न्हाणी आणि गोठा. घराला लागून चार हिस्सेदारांची विहीर, विहिरीखाली अंजिराची बाग, वरच्या अंगाला नुसता माळ. दोन गटांत मिळून 1 हेक्टर 21 आर, म्हणजे जेमतेम 3 एकर.

इथे आक्का राहिल्या. घरचे त्यांना आत्या म्हणत, गाव आक्का म्हणे. लग्नाला दीड वर्ष झालं आणि नवरा गेला. पानशेत फुटलं त्या पावसाळ्यात, म्हणजे 1961 साली, त्या माहेरी परत आल्या. वय बावीस. वडील 1968 साली वारले. आई त्याआधीच गेली होती. दोघे भाऊ पुण्यात नोकरीला, एक खडकीला, एक पिंपरीला. दिवाळीला आणि जत्रेला यायचे. शेत आक्कांनी केलं. पुढे भाऊही गेले, थोरला 2006 मध्ये, धाकटा 2011 मध्ये. पुतणे पुण्यातच वाढलेले. आत्या पुण्याला आल्या त्या दोनदाच: एकदा मोतीबिंदूला, एकदा पुतणीच्या लग्नाला.

14 डिसेंबर 2023 ला, वयाच्या 84 व्या वर्षी, त्या झोपेतच गेल्या. चार दिवसांवर चंपाषष्ठी होती. घरचा देव खंडोबा. सुतकामुळे त्या वर्षी तळी उचललीच गेली नाही, भरीत-रोडग्याचा नैवेद्यही झाला नाही. पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, याची सगळ्यात जास्त चुटपुट. "आत्या आजारी असली तरी तळी कधी चुकली नव्हती," ती मला पहिल्याच फोनवर म्हणाली. हा फोन मार्च 2024 चा. वर्षश्राद्धाला वाटता येईल अशी एक छोटी पुस्तिका तिला करून हवी होती.

अडचण

पुस्तिकेत घालायला काही नव्हतं. फोटो दोनच, एक रेशनकार्डावरचा आणि एक मतदार ओळखपत्रावरचा. पत्र नाही, वही नाही. आक्कांना लिहिता येत नव्हतं. मी पहिली बैठक पुण्यात घेतली, सगळे पुतणे, सुना, पुतणी एका खोलीत, आणि विचारलं, "आत्यांबद्दल सांगा." तासाभरात हाती लागलं ते एवढंच: फार कष्टाळू होत्या, कधी कुणाला दुखावलं नाही, अंजिरं फार छान असायची. एकाने म्हटलं की बाकीचे मान डोलवत. दोष माझाच होता. शांत माणसाबद्दल गुणविशेष विचारले की सगळीकडून तेच तीन शब्द येतात, आणि सगळ्यांना एकत्र बसवलं की पहिल्याचंच उत्तर सगळ्यांचं होतं.

दुसरी अडचण मी जायच्या आधीच घडून गेली होती. बाराव्याला माणसं येणार म्हणून थोरल्या पुतण्याने रंगारी बोलावला. ओसरीला आणि माजघराला डिस्टेंपरचे दोन हात. माजघराच्या दाराशेजारी कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या, रांगांनी, कमरेपासून डोक्यापर्यंत. त्या गेल्या. घरच्यांना त्यात काही वाटलं नव्हतं, कारण लहानपणापासून ते त्या रेघा बघतच आले होते. त्याच आठवड्यात दोन तांब्याचे हंडे आणि घागरी मोडीत गेल्या. गोधड्या वाटून टाकल्या. कुणी वाईट हेतूने केलं असं नाही. माणूस गेल्यावर हात रिकामे नसावेत असं वाटतं, म्हणून आवराआवर होते. मात्र त्या बारा दिवसांत जेवढं गेलं तेवढं पुढच्या वर्षभरात मला मिळवता आलं नाही.

तिसरी अडचण जमिनीची. पुरंदरमध्ये विमानतळाची चर्चा गेली काही वर्षं चालू आहे आणि तिच्याबरोबर दर हलतात. विमानतळासाठी ठरलेल्या सात गावांत हे गाव नाही, तरी एजंट यायचे ते येतच होते. दोन्ही घरच्या पुतण्यांनी प्लॉटिंगवाल्या एकाशी बोलणी बरीच पुढे नेली होती. खरेदीदाराच्या वकिलाने जुन्या नोंदींचा सर्च काढला आणि तिथे गाडी अडली.

1968 च्या वारस फेरफारात दोघा भावांची नावं कब्जेदार म्हणून, म्हणजे मालकाच्या जागी, लागली होती, आणि आक्कांचं नाव इतर हक्कात. विहिरीच्या हिस्स्याच्या नोंदीखाली एक ओळ. पंचावन्न वर्षं सातबाऱ्यावर ती ओळ होती आणि घरात कुणी ती वाचली नव्हती. "आत्याचा जमिनीत काय संबंध?" असं थोरला पुतण्या खरोखर प्रामाणिकपणे म्हणाला.

संबंध असा होता. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा, वडील गेले 1968 साली, म्हणजे मुलगी वारस. वकिलांनी दोन हिशेब मांडले. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी मानीव वाटप धरलं, म्हणजे वडील आणि दोन मुलगे यांच्यात वाटणी झाली असं मानलं, तर आक्कांचा हिस्सा वडिलांच्या वाट्यातला तिसरा भाग, एकूण एकनवमांश. 2005 ची दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल धरून मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलांसारखीच हिस्सेदार, मानली तर एकतृतीयांश. आक्कांना मूल नाही, मृत्युपत्र नाही. वडिलांकडून आलेली मिळकत अशा वेळी सासरकडे जात नाही, वडिलांच्या वारसांकडे परत येते. कायद्याच्या कलम 15 मध्ये तशी तरतूद आहे. म्हणजे दोन्ही भावांच्या घरी, निम्मी निम्मी.

गंमत अशी की कुठलाही हिशेब घ्या, थोरल्या आणि धाकट्या घराच्या वाट्याला एकूण निम्मंच येत होतं. फरक पडत होता तो फक्त पुतणीला. तिने 2012 मध्ये वडिलांच्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र भावाच्या नावे करून दिलं होतं. पण आत्या तेव्हा जिवंत होती. जो वारसा अजून उघडलाच नाही तो सोडता येत नाही. आत्याच्या मृत्यूने पुतणी पुन्हा हिस्सेदार झाली: एका हिशेबाने सव्वातीन गुंठे, दुसऱ्याने दहा. आणि तिच्या सहीशिवाय खरेदीखत होणार नव्हतं.

पुस्तिका मागणारीही तीच. माझ्या दृष्टीने हे फार अवघड झालं.

समोरचे पर्याय

जमिनीबाबत तीन गोष्टी बोलल्या जात होत्या: सगळं विकणं, सगळं ठेवून अर्धेलीने करायला देणं, किंवा माळ विकून घर आणि बाग ठेवणं. पहिल्यात पैसा सगळ्यात जास्त. दुसऱ्यात भांडण सगळ्यात जास्त, कारण पुण्यात बसून पाच जणांनी एका वाटेकऱ्याकडे हिशेब मागायचा. तिसरा पर्याय सगळ्यांना बरा वाटत होता, पण घर कोणाकडे यावर येऊन थांबत होता.

आठवणीबाबतही पर्याय होतेच. थोरल्या पुतण्याच्या मनात गावाच्या वेशीवर आत्यांच्या नावाची कमान होती, सिमेंटची, वर दोन हत्ती. खर्च करायची त्याची तयारी होती आणि भावनाही खरी होती, हे नोंदवायला हवं. पण जी बाई वेशीवर कधी उभी राहिली नाही तिचं नाव वेशीवर? मी तोंडाने काही बोलले नाही. धाकट्या सुनेने सुचवलं, जातं, पाटा, दिवे वगैरे पुण्याच्या केळकर म्युझियमला द्यावं. तिथे रोजच्या वापरातल्या वस्तूंचा संग्रह आहे हे खरं, पण काका केळकरांनी तो नजरेने निवडून, जन्मभर फिरून जमवलेला. आपलं जातं आपल्याला मोलाचं असतं कारण त्यावर कोण बसत होतं ते आपल्याला ठाऊक असतं. त्या माहितीशिवाय ते नुसतं जातं. शाळेला देणगी, देवळात फरशी हेही झालं बोलून.

पुतणीचा पर्याय पुस्तिकेचा. त्यात एक अट तिने दुसऱ्या भेटीत हळूच घातली. शेजारचे अप्पा आक्कांना साठ वर्षं ओळखत होते. घर विकू नये असं आक्का म्हणाल्या होत्या का, हे मी अप्पांकडून रेकॉर्ड करून घ्यावं.

इथे मी दोन आठवडे काम थांबवलं. आठवण गोळा करणाऱ्याने वादात साक्षीदार गोळा करू नयेत असं मला वाटतं. शेवटी मी दोन्ही घरांकडून एक साधं पत्र सही करून घेतलं: रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकायला मिळेल, पुस्तिकेशिवाय कशासाठीही वापरलं जाणार नाही. कायद्यात या कागदाला किती किंमत आहे मला माहीत नाही. घरात मात्र होती. त्यानंतर थोरल्या घरची माणसं माझ्याशी मोकळी बोलू लागली. हा कागद पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

काय केलं

एप्रिलमध्ये मी वस्तीवर गेले तेव्हा मीठा बहार झाडावर पिकून फुटत होता आणि तोडायला कुणी नव्हतं. झाडाखाली अंजिरांचा सडा, वर माश्या. बैठकीतले प्रश्न मी बाजूला ठेवले आणि अप्पांबरोबर बांधाबांधाने चालायला सुरुवात केली. एका हातात गटाचा नकाशा, दुसऱ्यात फोन. प्रश्न फक्त समोर दिसेल त्याचे. हा बांध कुणी घातला? हे झाड कुणी लावलं? मोटार यायच्या आधी काय होतं? उन्हाळ्यात किती वाजता उठायच्या?

अप्पा बोलायला लागले ते असे: "ह्यो बांध बहात्तरचा. दुष्काळात समदी खडी फोडायला जायची, आक्काबी. सांच्याला माघारी आली की हितं दगूड रचायची. चांदण्यात. आमी हसायचो, पान्याचा पत्त्या न्हाई आन् बांध घालतीया."

कष्टाळू या शब्दाच्या जागी आता एक बांध होता, त्याची लांबी होती, साल होतं.

अंजीर पहाटे तोडायचं, देठाचा चीक बोटांना लागून कातडी सोलवटते, म्हणून आक्का बोटांना तेल लावून जायच्या. फळ पाटीत पाल्यावर मांडायचं, सात वाजता रस्त्याला माल नेणाऱ्या हुंडेकऱ्याची गाडी. हे सगळं अप्पांच्या सुनेने सांगितलं, फळं वेचता वेचता. पुतणीही बरोबर होती. त्या सकाळी आम्ही चार पाट्या काढल्या.

कागद मिळाले ते गोठ्यात. तिथे रंगारी गेला नव्हता. आढ्याला लोंबणाऱ्या तारेत मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या पट्ट्या ओवलेल्या होत्या, सगळ्यात जुनी 1987 ची, शेवटची 2016 ची. तारीख, वजन, दर, त्यातून वजा अडत, हमाली, तोलाई, मोटारभाडं, खाली निव्वळ रक्कम. लिहिता न येणाऱ्या बाईने तीस वर्षांचं दप्तर सांभाळलं होतं. 2003 आणि 2004 ची एकही पट्टी नाही. दोन्ही उन्हाळ्यांत विहीर तळाला गेली होती. आणि एक गोष्ट मला पट्ट्या सालवार लावताना दिसली. 1993 पर्यंत मालकाच्या नावाच्या जागी थोरल्या भावाचं नाव आहे. 1994 पासून तिथे फक्त "आक्का" आणि गावाचं नाव. अप्पांना विचारलं, असं का? हुंडेकऱ्याचा मुलगा धंद्यावर बसला, त्याने भाऊ कधी बघितलाच नव्हता, म्हणाले.

सातबाऱ्यावर इतर हक्कात राहिलेलं नाव अडत्याच्या पट्टीवर मालकाच्या जागी आलं, कुणी अर्ज न करता. मी त्या दोन पट्ट्यांचे फोटो दोन्ही घरांना पाठवले. थोरल्या पुतण्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. कमानीचा विषय त्याने परत काढला नाही.

रेघांचा शोध लागला तो योगायोगाने. धाकट्या पुतण्याच्या मुलीच्या फोनमध्ये 2022 च्या दिवाळीतला स्वतःचाच एक फोटो होता, नवीन ड्रेसमधला, माजघराच्या दाराशी उभी. खांद्यामागे भिंतीचा हातभर तुकडा. मोठा करून पाहिला तर 41 उभ्या रेघा आणि 17 आडव्या. तो प्रिंट काढून अप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, हसले. "पाळ्या हायेत." विहिरीवर दर चौथा दिवस आक्कांचा. पाळी घेतली की उभी रेघ, स्वतःची पाळी दुसऱ्याला देऊन टाकली की आडवी.

"कुणाला देत होत्या?"

"आमालाच की. आन् खालच्या वाडग्यातल्या म्हातारीला. तिला हिस्सा न्हवता."

घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. उसनं पाणी परत मागायचं म्हणून त्या आडव्या रेघा असतील, असं मी म्हणून पाहिलं. अप्पांनी मान हलवली. परत कधी मागितलं नाही, मग रेघ कशाला ओढायची तेही त्यांना सांगता आलं नाही.

आणखी एका ठिकाणी मी हट्ट केला आणि फसले. मला ओव्या हव्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी बाया आहेत. आक्कांच्या तोंडची एखादी ओवी मिळाली तर पुस्तिका उजळेल असं वाटून मी तीन म्हाताऱ्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा एक वैतागून म्हणाली, "आगं, ती दळताना गप असायची. तुला कितीदा सांगू?" हे वाक्य मी पुस्तिकेत जसंच्या तसं घेतलं.

राहिला अप्पांना विचारायचा तो प्रश्न. मी विचारला नाही, त्यांनीच सांगितलं, बांधावर बसून, रेकॉर्डिंग चालू असताना: "आक्का म्हनायची, माज्यामागं ठिवा न्हाईतर इका, मला काय करायचंय. मी हाय तवर हाय." पुतणीने ते ऐकलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. वाक्य छापायचं की नाही, हे मी तिच्यावर सोडलं. महिनाभराने तिने छापा म्हणून सांगितलं.

काय झालं

माझ्या मते गाठ सुटली ती त्या वाक्याने. आत्याची इच्छा म्हणून कुणालाच काही रेटता येईना, मग सगळे आपापल्या नावाने बोलू लागले. पुतणीने सांगितलं, मला घर आणि बाग हवी, कारण मला हवी. आधी आक्कांची वारस नोंद झाली: तलाठ्याकडे अर्ज, 15 दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत वाटणीपत्र. पुतणीच्या वाट्याला विहिरीलगतचे 10 गुंठे, त्यावरचं घर, विहिरीचा हिस्सा. बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 2023 पासून 10 गुंठे आहे, त्याहून कमी तुकडा पाडता आला नसता. सव्वातीनचाच हिशेब धरला असता तर कदाचित अजून कोर्टात असते. माळ पुतण्यांनी 2025 च्या सुरुवातीला विकला. तिथे आता तारेचं कुंपण आहे. बहात्तरचा बांध त्यातच गेला. त्याचा फोटो, माप आणि अप्पांचा आवाज आहे.

पुस्तिका 64 पानी झाली, 60 प्रती, वर्षश्राद्धाला वाटल्या. जन्मापासून मृत्यूपर्यंत असा क्रम न ठेवता मी ती जागांप्रमाणे लावली: माळ, बांध, विहीर, बाग, गोठा, माजघर. वाचणारा वरून उतरत घरात येतो. बागेतल्या झाडांच्या छाटणीच्या काड्या पुतणीने पिशव्यांत रुजवल्या होत्या, ज्यांना हवी त्यांनी नेली. पुण्यातल्या गॅलऱ्यांत त्यातल्या किती जगल्या ते विचारू नये. देवघरातले खंडोबाचे टाक थोरल्या घरी गेले. त्यावर चकार शब्द झाला नाही, आणि त्या वर्षीची तळी हडपसरच्या फ्लॅटमध्ये उचलली गेली.

वेगळं काय करता आलं असतं

रंग द्यायच्या आधी कुणीतरी फोन हातात घेऊन घरभर एक चक्कर मारायला हवी होती. नीट फोटो काढायचीही गरज नाही. भिंती, कोनाडे, दारामागे काय लटकतंय, एवढंच. दहा मिनिटांचं काम. मोडीत जाणारे हंडे वजनाला टाकण्याआधी त्यावर कोरलेली नावं वाचायला हवी होती. एकावर आक्कांच्या लग्नाची तारीख होती, असं आता दोघींना आठवतं आणि तारीख मात्र दोघी वेगवेगळी सांगतात.

सातबारा जिवंतपणी वाचायला हवा होता, आक्कांना वाचून दाखवायला हवा होता. इतर हक्कातलं नाव त्यांना ठाऊक होतं का? अप्पा म्हणतात ठाऊक असणार, तलाठी घरी आला होता. मला खात्री वाटत नाही.

आणि मी. दोन्ही बाजूंना समान अंतरावर ठेवलं असं मी स्वतःला सांगते, पण चार पाट्या अंजीर मी पुतणीबरोबर तोडले होते, थोरल्या पुतण्याबरोबर नव्हे. त्याच्याशी एकट्याशी मी पहिल्यांदा बोलले ते जुलैमध्ये. तेव्हा कळलं की लहानपणी मे महिना तो वस्तीवरच काढायचा आणि रेघा ओढायला कोळसा आणून देणं हे त्याचं काम होतं. रंगारी त्यानेच बोलावला होता. हे सांगताना तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. पुस्तिकेत हे घ्यायला त्याने नको म्हटलं. इथे लिहायला मात्र हो म्हणाला.

बाग आता अप्पांचा मुलगा अर्धेलीने करतो. गेल्या मार्चमध्ये एका कामाच्या दिवशी पुतणीला ऑफिसात अप्पांचा फोन आला. आक्काची पाळी उद्या हाय, मोटार कोण चालू करनार? मुलगा सासवडला गेला होता. ती म्हणाली, मला जमणार नाही, तुम्ही घ्या पाणी.

"बरं," अप्पा म्हणाले. "मग भित्तीवर आडवी वढून ठिवतो."